गाठ बराबर नही पडनी

सिनेमा सुरू होऊन चार-पाच मिनिटं झाली असतील. भिंतीवर ताणलेल्या चादरीवर तो मळका, गंजलेला यंत्रमानव समोरचा कचरा दोन्ही हातांनी ओढून पोटात घेत होता. पोटाचं झाकण लावायचा, अंग आवळून दाब द्यायचा आणि झाकण उघडून एक चौकोनी ठोकळा बाहेर ठेवायचा. पोरं गप्प बसून बघत होती. तेवढ्यात मागच्या बाजेवरून माझ्या वडिलांचा, आप्पांचा आवाज आला, ‘गाठ बराबर नही पडनी.’

त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकून बसलेल्या नानांनी मान हलवली. ‘दाब कमी पडना.’

कुणी हसलं नाही. आमच्या गल्लीत या बोलण्यात हसण्यासारखं काहीच नाही. आप्पा आणि नाना दोघांची उमर जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली. कापूस आला की जिनावर सरकी वेगळी होते आणि उरते ती रुई. ती प्रेसच्या पेटीत भरायची, वरून दाब द्यायचा, बारदानात गुंडाळून पट्ट्या आवळायच्या. ही झाली गाठ, १७० किलोची. आप्पा लहान असताना तर पेटीत माणसं उतरून पायांनी रुई तुडवत. गाठीचा एक कोपरा जरी फुगला तरी थप्पी नीट लागत नाही, आणि थप्पी कलली की खाली माणूस सापडतो. त्यामुळे ठोकळा दिसला की आप्पांची नजर आधी त्याच्या कोपऱ्यांवर जाते. त्या यंत्रमानवाच्या ठोकळ्यांचे कोपरे खरोखरच ओबडधोबड होते. मी हा सिनेमा त्याआधी चार वेळा पाहिला होता. ते माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

सिनेमा ‘वॉल-ई’. पिक्सारचा, अँड्र्यू स्टँटनने दिग्दर्शित केलेला, २००८ सालचा. आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले होते. बहिणी आलेल्या, भाचरं आलेली, दारातल्या निंबाला झोका बांधलेला. दिवसा बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन सांगून कळत नाही, ते अंगावरच घ्यावं लागतं. रात्री आठ वाजता भिंतीला हात लावला तरी भाकरीच्या तव्याची आठवण व्हावी. पोरं दिवसभर घरात कोंडून वैतागली होती. भाऊ शाळेत शिक्षक आहे, त्याने ओळखीच्या एकाकडून छोटा प्रोजेक्टर आणला. माझ्या मुलाने लॅपटॉप जोडला. अंगणात पाणी मारलं, सतरंज्या टाकल्या, आणि बघता बघता गल्लीतले तीस-पस्तीस जण येऊन बसले. कुठला सिनेमा लावायचा यावर पोरांची भांडणं झाली. शेवटी मी माझा हट्ट चालवला.

हट्ट का, तेही सांगते. मला समीक्षा वाचायचं वेड आहे. सिनेमा आवडला की त्याबद्दल जगात कोण काय म्हणालं हे शोधून वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. ‘वॉल-ई’वर मी जितकं वाचलं, तितकं दुसऱ्या कुठल्या सिनेमावर वाचलेलं नाही. लहान मुलांसाठी म्हणून काढलेल्या सिनेमाकडे मोठ्यांनी इतक्या गंभीरपणे पाहावं, हेच मला तेव्हा नवलाचं वाटलं होतं. लॉस एंजेलिसच्या समीक्षक संघाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. ॲनिमेशनपट नव्हे, सगळ्या चित्रपटांत सर्वोत्तम, आणि हा मान मिळवणारा तो पहिलाच ॲनिमेशनपट होता. ‘टाइम’च्या रिचर्ड कॉर्लिस यांनी पुढे त्याला दशकातला सर्वोत्तम म्हटलं. ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, त्यात मूळ पटकथेचंही होतं. हाती लागलं ते ॲनिमेशनपटाचं एकच, आणि सर्वोत्तम चित्रपटाच्या यादीत नाव नाही म्हणून कितीतरी लोक हळहळले. प्रेक्षकांनीही साथ दिली. १८ कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाने जगभरात ५० कोटींच्या वर कमावले. अमेरिकेत पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्या लोकांना थेट विचारून ए ते एफ अशी श्रेणी काढायची पद्धत आहे. तिथे त्याला ए मिळाला. म्हणजे लिहिणारे आणि तिकीट काढणारे यांचं यावेळी जमलं. ते नेहमी जमतंच असं नाही.

पण माझ्या मनात घर करून बसलं होतं ते एक वेगळंच वाक्य. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या सिनेमाला चारपैकी साडेतीन तारे दिले होते. सिनेमात बोलणं फार थोडं आहे, त्यामुळे तो भाषेच्या भिंती सहज ओलांडेल, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं. वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माय आली. मायला अहिराणीशिवाय काही येत नाही. मराठी कळते, पण बोलायची वेळ आली की ती गप्प होते. हिंदी सिनेमा लावला तर अर्ध्या तासात तिचा डोळा लागतो. मला बघायचं होतं, ही भिंत आमच्या अंगणातसुद्धा ओलांडली जाते का.

जवळजवळ चाळीस मिनिटं जवळपास बोलणंच नाही. एक ओसाड पृथ्वी, उंच इमारती वाटाव्यात अशा कचऱ्याच्या थप्प्या, एक यंत्रमानव आणि त्याच्या मागेमागे फिरणारं एक झुरळ. पिक्सारच्या लोकांनी हा भाग करण्याआधी चॅप्लिन आणि कीटन यांचे मूकपट दिवसामागून दिवस पाहिले होते. समीक्षकांनी या चाळीस मिनिटांचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्यासाठी बहुतेकांनी दोन शब्द वापरले. एक, सिनेमाची शुद्ध भाषा. दुसरा, एकाकीपणा. शेवटचा यंत्रमानव, एकटा, सातशे वर्षं. मीही तसाच पाहिला होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पुण्यात एका खोलीत एकटी राहत होते. त्या एकटेपणावर रडले होते.

आमच्या अंगणाने तो तसा पाहिला नाही.

माय खाली बसून पोरांसाठी कैऱ्या चिरत होती. वॉल-ई सकाळी अडखळत, आपटत, झोपेतल्यासारखा बाहेर येतो, उन्हात पंख उघडून बसतो, चार्ज होतो आणि पाठीवर डबा अडकवून निघतो. तो डबा दिसला आणि मायचा हात थांबला. ‘डबा बी लई जास,’ ती म्हणाली. म्हणजे डबाही घेऊन जातो. तिथून पुढे तिने विळी बाजूला सारली. त्या डब्यात तो दिवसभरात सापडलेल्या वस्तू जमवतो हे थोड्या वेळाने कळलं, तरी मायच्या मनातला डबा जेवणाचाच राहिला. एकतीस हंगाम ती पहाटे उठून असा डबा भरत होती.

मग वाटेत त्याच्यासारखेच बंद पडलेले यंत्रमानव दिसतात. याचे पायातले पट्टे झिजून गेलेत, तर तो मेलेल्याचे काढून स्वतःला लावतो. अमेरिकेतल्या एका परीक्षणात मी वाचलं होतं की मुलांच्या सिनेमात हा क्षण अंगावर काटा आणतो. आमच्या सतरंजीवर काटा कुणाच्याच अंगावर आला नाही. शेजारच्या काकूंनी जीभ टाळ्याला लावून ‘च्‌’ केलं आणि म्हणाल्या की त्यांच्या थोरल्या दिरांची चप्पल त्यांचे मालक अशीच दोन वर्षं घालत होते. तो घरात शिरताना ते पट्टे काढून ठेवतो, तेव्हा मायने समाधानाने मान डोलावली. घराला वळण आहे, असं तिला वाटलं असावं.

काही वेळाने ती म्हणाली, ‘एकलाच शे बिचारा. पन कामले लागेल शे.’

या वाक्यातला ‘पन’ मी गेली दोन वर्षं मनात घोळवते आहे. एकटा आहे बिचारा, पण कामाला लागलेला आहे. वाचलेल्या सगळ्या परीक्षणांचा जोर वाक्याच्या पहिल्या भागावर होता. आमच्या अंगणाचा जोर दुसऱ्यावर. सगळ्यांनी त्याला एकाकी म्हटलं, शेवटचा म्हटलं, प्रेमवीर म्हटलं, चॅप्लिनचा वारस म्हटलं. कामगार म्हणून त्याच्याकडे फार कुणी बघितलं नाही. खरं तर तो सिनेमाभर तेच आहे. त्याच्या नावातच त्याचं काम आहे. ते नाव म्हणजे कचरा उचलणाऱ्या यंत्राच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. आमच्याकडे नाही का, माणसाला गाडीवाला, हमाल, जिनवाला म्हणतात आणि मूळ नाव फक्त मतदारयादीत उरतं.

आवाजाचंही सांगायला हवं. तो आवाज बेन बर्ट यांनी केला. ‘स्टार वॉर्स’मधल्या यंत्रमानवांचे आवाज करणारे तेच. वॉल-ई सरपटतो तेव्हा ऐकू येणारी ती घरघर हाताने फिरवायच्या जुन्या जनरेटरमधून काढलेली आहे. हे मी पोरांना सांगत होते तर नाना मधेच म्हणाले, ते आम्हाला सांगावं लागत नाही, हे खरं मशीन आहे. साठ-सत्तर जिनं एकाच वेळी चालतात त्या घरात ज्याने आयुष्य काढलं, त्याचा कान खोट्या आवाजाला फसत नाही. कॉम्प्युटरवर केलेल्या सिनेमात खऱ्या लोखंडाचा आवाज का लागला, याचं याहून चांगलं उत्तर मी कुठे वाचलेलं नाही.

एका प्रसंगी मात्र सिनेमा आमच्या अंगणात आपटला. वॉल-ई एका जुन्या फ्रिजचं दार कापतो आणि आत त्याला एक हिरवं रोप सापडतं. पुढची सगळी गोष्ट या रोपावर उभी आहे. ते बुटात लावतात, त्याच्यासाठी यान परत फिरतं. भावाने तिथेच लॅपटॉपची कळ दाबून सिनेमा थांबवला. ‘फ्रिजमा हिरवं कसं ऱ्हाई?’ बंद दाराआड उजेड नाही, मग पान हिरवं कसं? नवरात्रात घटाभोवती उगवलेलं धान पिवळं असतं, ते उजेड नसतो म्हणूनच. हे आमच्याकडचं सहा वर्षांचं पोरही सांगेल. एका काकांनी दार फुटकं असेल म्हणून सिनेमाची बाजू घेतली. दुसऱ्यांनी रोप कशाचं यावर वाद काढला. कपाशीचं म्हणावं तर पान तसं नाही, चवळी म्हणावी तर खोड तसं नाही. दहा मिनिटं हा वाद रंगला आणि मला मनापासून आनंद झाला. विज्ञानकथेला असा प्रेक्षक मिळायला हवा, पडद्यावरच्या रोपाला हात लावून बघणारा. सिनेमा चुकला असं माझंही मत आहे. पण तिथे चुकला म्हणून कुणी उठून गेलं नाही. उलट त्या रोपाचं पुढे काय होतं, याची काळजी सगळ्यांना लागली. शेतकऱ्याची ती काळजी जन्माची आहे.

दुसऱ्या अर्ध्यात गोष्ट अंतराळात जाते. ॲक्सिअम नावाचं प्रचंड यान, त्यात सातशे वर्षं फिरणारी माणसं, प्रत्येकाच्या बुडाखाली तरंगती खुर्ची आणि डोळ्यांसमोर पडदा. इथे समीक्षकांचं एकमत मोडलं होतं. पहिला भाग अजोड, दुसरा नेहमीचा, धावाधावीचा, असं अनेकांनी लिहिलं. आमच्याकडेही म्हातारी माणसं इथे कंटाळली. नाना पाणी प्यायला उठले ते परत लवकर आले नाहीत. पोरांना मात्र इथेच खरी मजा आली. माझ्या मुलाने इंग्रजी बोलण्याचा अर्थ सांगायचा जिम्मा घेतला होता, तो दहा मिनिटांत थकला आणि कुणाला त्याची उणीवही भासली नाही. मायला फक्त त्या माणसांची दया आली. ‘यास्ले चालता बी येत नही का?’

ही माणसं लठ्ठ आहेत, गोल गोल आहेत. यावरून अमेरिकेत त्या वर्षी वाद झाला होता. काहींनी लिहिलं की लठ्ठपणा हा आळसाचा आणि हावरटपणाचा शिक्का म्हणून वापरणं क्रूर आहे. दुसऱ्या बाजूला काही राजकीय टीकाकारांना हा सिनेमा म्हणजे भांडवलशाहीविरुद्धचा प्रचार वाटला. यातला दुसरा आक्षेप मला आजही पोकळ वाटतो. स्टँटन यांनी स्वतः म्हटलं होतं की पर्यावरणाचा उपदेश करायला त्यांनी हा सिनेमा काढला नाही. ठरवून दिलेल्या चाकोरीवर तर्कापलीकडचं प्रेम मात करतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पहिल्या आक्षेपालाही मी तेव्हा उडवून लावलं होतं. गुरुत्वाकर्षण कमी असलं की हाडं झिजतात, स्नायू सैल पडतात, आणि या माणसांना मोठी झालेली बाळं म्हणून रेखाटलंय, हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटलं होतं.

त्या रात्री एक माणूस खुर्चीतून खाली पडतो आणि त्याला उठता येत नाही, त्या प्रसंगाला पोरं खदखदून हसली. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुढच्या रांगेत बसला होता. नऊ वर्षांचा, अंगाने भरलेला. तो हसला नाही. त्याने हळूच गुडघे पोटाशी घेतले, शर्ट गुडघ्यांवरून खाली ओढला आणि तसाच आवळून बसला. पुढची पंधरा-वीस मिनिटं मी पडद्याकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडे पाहत होते. ज्यांनी तो आक्षेप घेतला होता, त्यांना अशी मुलं माहीत होती. मला माझ्याच घरातलं माहीत नव्हतं. सिनेमा माझा आजही लाडका आहे, तरी ती जागा आता मला टोचते आणि टोचत राहावी. पुढे यानातल्या जॉन आणि मेरी या दोघांसमोरचे पडदे बंद पडतात आणि ते पहिल्यांदा एकमेकांना पाहतात, हात लागतात, तलावात पाय सोडून पाणी उडवतात. तिथे त्याने गुडघे सोडले. मला तेवढ्याने बरं वाटलं.

शेवटाकडे वॉल-ई चिरडला जातो. ईव्ह, म्हणजे यानातून रोप शोधायला आलेली आणि त्याचा जीव जडलेली यंत्रमानव, त्याला पृथ्वीवर आणते, त्याच्या घरातलेच जुने सुटे भाग काढून त्याला बसवते, उन्हात धरते. तो चालू होतो. आणि तिला ओळखत नाही. त्याने आवडीने जमवलेल्या वस्तू ती त्याला दाखवते, तो त्या पोटात घालून दाबून टाकतो. मग वळतो आणि बाहेर जाऊन कचरा उचलू लागतो.

‘वळख गई त्यानी,’ माय म्हणाली. अंगणात टाचणी पडलेली ऐकू यावी इतकी शांतता होती.

इथे समीक्षक प्रेमकथेबद्दल लिहितात. ईव्ह त्याचा हात हातात घेते आणि त्याची आठवण परत येते, त्याबद्दल लिहितात. तो क्षण सुंदर आहेच, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण माझं लक्ष आप्पांकडे होतं. ते बाजेवर उठून बसले होते. तो यंत्रमानव सगळं विसरला आणि तरी काम विसरला नाही, हे आप्पा एकटक पाहत होते.

मी दहावीत होते तेव्हा आप्पांचं जिनिंग बंद पडलं. दिवाळी झाली, कापूस बाजारात आला, हंगामाची वेळ झाली. दरवर्षी पहिल्या दिवशी सकाळी भोंगा व्हायचा. आमच्या गावात घड्याळापेक्षा त्या भोंग्यावर भरवसा जास्त. त्या वर्षी भोंगा वाजला नाही. आप्पा तरी गेले. फाटकाला कुलूप होतं. आतला चौकीदार म्हणाला, मला काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी गेले. आठवडाभर गेले. नाना आणि आणखी दहा-बाराजण सोबत असायचे. मग ते कमी कमी होत गेले. आप्पा जवळजवळ दीड महिना रोज डबा घेऊन जात होते आणि दुपारी परत येऊन तो डबा घरीच ओट्यावर बसून खात होते. मायने एक दिवस डबा भरला नाही. ताटात वाढलं. त्यावरून घरात एक शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते केळीच्या बागेत घड वाहायला जाऊ लागले. हिशेबाचे पैसे पुढे तीन वर्षांनी थोडे मिळाले, बाकीचे नाहीत. जिनिंग बंद झालं हे आजपर्यंत कुणी त्यांना येऊन सांगितलेलं नाही, ना तोंडाने, ना कागदाने.

कापसाने आमचा मुलूख लांबच्या जगाला कधीचा बांधला आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव चढला. तिथे काय होतं त्याने इथली चूल पेटते किंवा विझते, हे आमच्या पणज्या-खापरपणज्यांनाही ठाऊक होतं. तिथून निर्णय येतो. निरोप येतोच असं नाही.

सिनेमा संपला. पोरं झोपायला गेली, काही तिथेच सतरंजीवर आडवी झाली. मी आप्पांजवळ जाऊन बसले. मला वाचलेलं सांगायची खोड आहे, ती मी तेव्हाही सोडली नाही. म्हटलं, आप्पा, ही गोष्ट कशी सुचली माहितीये? १९९४ साली ते चार-पाचजण दुपारी जेवायला बसले होते. त्यातल्या एकाच्या मनात आलं, सगळी माणसं पृथ्वी सोडून निघून गेली आणि जाताना शेवटचा यंत्रमानव बंद करायला कुणीतरी विसरलं, तर?

आप्पांनी पंच्याने मान पुसली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

‘इसरनात नही,’ ते म्हणाले. ‘सांगाले कोनी उना नही.’

विसरले नाहीत. सांगायला कुणी आलं नाही.

मी खोलीत जाऊन पडले आणि अंधारात एकदम ताडकन उठून बसले. सिनेमातच आहे हे. यानाच्या सुकाणूवर बसलेलं यंत्र एक जुना निरोप लपवून ठेवतं. तो २११० सालचा असतो, यान पाठवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाचा. पृथ्वीची सफाई होणार नाही, आता परत येऊ नका, असा. म्हणजे वर बसलेल्यांना ठाऊक होतं. कामाची आशा सुटली आहे हे त्यांनी कागदोपत्री नोंदवून ठेवलं होतं. यानातल्या माणसांना सांगितलं नाही आणि खाली काम करणाऱ्या यंत्रांना तर नाहीच नाही. विसरण्याचा तिथे प्रश्नच नाही. पाच वेळा पाहून आणि ढीगभर वाचून जे माझ्या डोळ्यांत आलं नाही, ते इंग्रजीचा एक शब्द न कळता आप्पांनी ओळखलं. स्टँटन यांनी गोष्ट कशी सुचली हे खरंच सांगितलं असणार. पण लिहिता लिहिता गोष्ट त्यांच्याही पुढे निघून गेली असावी आणि कागदावर खरं कारण उतरलं असावं.

मी मघाशी ईबर्टांच्या वाक्याबद्दल लिहिलं. भाषेची भिंत सिनेमाने ओलांडली, यात मला शंका राहिली नाही. पण पलीकडे उतरल्यावर तो वेगळाच सिनेमा झाला. तिथे त्याला गाठ, डबा, भोंगा आणि मेलेल्याची चप्पल भेटली. या गोष्टी कुठल्याच परीक्षणात नव्हत्या, असणारही नव्हत्या, कारण परीक्षण लिहिणाऱ्यांच्या घरात त्या नव्हत्या. यात त्यांचा दोष मी धरत नाही. आमच्या अंगणातलं कुणी लिहीत नाही, हे माझ्या जिवाला लागतं. म्हणून हे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ऊन चढायच्या आत झोक्यावर बायकांची गाणी सुरू झाली होती. ओट्यावर आप्पा रद्दी काढून बसले होते. भंगारवाला दर महिन्याला येतो त्याच्यासाठी. नेहमी माय पेपर कसेबसे सुतळीत बांधून देते. त्या दिवशी आप्पांनी सगळे गठ्ठे सोडले होते आणि पुन्हा रचत होते. कडा कडांना जुळवायच्या, वरून गुडघा टेकवून दाब द्यायचा, सुतळी दोन बाजूंनी घ्यायची, मग ओढायची. बहिणीचा तो नऊ वर्षांचा मुलगा समोर उकिडवा बसला होता. आप्पांनी त्याला बोलावलं आणि गठ्ठ्यावर बसवलं. ‘बठ. तुनं वजन पाहिजे मले.’

तो बसला. गठ्ठा खाली दबला. आप्पांनी सुतळी आवळून गाठ मारली, चारही कोपऱ्यांवरून हात फिरवला.

‘आते बराबर पडनी,’ ते म्हणाले.

पोरगं उतरलं आणि दुसऱ्या गठ्ठ्यावर जाऊन बसलं.